परदेशी निघताना परतीची तयारी

कोकणातल्या अनेक मोहल्ल्यांत आखातात वीस-वीस वर्षे काढून आलेली वडीलधारी मंडळी आहेत. तिथला मुलगा निघाला की कोणी चाचा त्याचा व्हिसा उलटसुलट करून पाहतो, कोणी कंपनीचे नाव ऐकून मान हलवतो, कोणी सांगतो की त्या कफीलाकडे जाऊ नकोस. आपल्या संग्रामपूर तालुक्यात असे जाणते फार थोडे. वरवट बकाल, सोनाळा, टुनकी किंवा पातुर्ड्याचा गवंडी, वेल्डर, शिंपी परदेशी निघतो तेव्हा त्याला माहिती देणारा माणूस बहुधा एकच असतो, आणि तो म्हणजे एजंट. ज्याचे पोट आपल्या जाण्यावर चालते, त्यानेच आपल्याला जाण्याचे धोके सांगावेत ही अपेक्षा चुकीची आहे. म्हणून व्यापारी व कारागीर बंधूंसाठी हा अभ्यास मांडला आहे.

सर्वसाधारणपणे लोक विचारतात, "तो देश कसा आहे? धोक्याचा तर नाही ना?" प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. शांत देशात गेलेला माणूस वर्षानुवर्षे अडकून पडल्याची उदाहरणे आहेत आणि युद्ध पेटलेल्या देशातून सुखरूप परतल्याचीही आहेत. खरा प्रश्न असा विचारावा: गरज पडेल त्या दिवशी मला तिथून निघता येईल काय? माझा पासपोर्ट कोणाच्या हातात असेल, माझ्या डोक्यावर कर्ज किती असेल, माझ्या नावावर तिथे काय लिहिलेले असेल आणि तिकिटापुरते पैसे माझ्या खिशात असतील काय? या चार गोष्टींवरून त्या देशाचा धोका माझ्यापुरता किती, हे ठरते.

हजरत उमर (रजि.) यांच्या सफरीचा एक प्रसंग येथे आठवण्यासारखा आहे. हिजरी १७-१८ च्या सुमारास ते मदिनेहून शामकडे निघाले होते. सर्ग या ठिकाणी पोचल्यावर शाममध्ये प्लेग पसरल्याची खबर आली. त्यांनी आधी मुहाजिरांशी मसलत केली, मग अन्सारांशी, मग कुरैशच्या बुजुर्गांशी, आणि काफिला मागे फिरवला. अबू उबैदा (रजि.) यांनी तकदीरीचा सवाल काढला, तेव्हा हिरव्या आणि कोरड्या अशा दोन कुरणांचा दाखला देऊन उमर यांनी समजावले की जनावरे कोणत्या कुरणात चारायची हे निवडणेही तकदीरीच्या बाहेरचे नाही. नंतर अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि साथीच्या मुलखाबद्दलची हदीस त्यांनी सांगितली. हे अब्दुर्रहमान मोठे व्यापारी होते, हे आपल्या पानाच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. तवक्कल आणि चौकशी यांत काही भांडण नाही. खलिफाने तीन-तीन जमातींना विचारले, मग आपण एका एजंटाच्या शब्दावर का निघावे?

आता देशांकडे वळू. ज्या मुलखात लढाई चालू आहे किंवा पेटण्याच्या बेतात आहे, तिथला पगार जास्त असतो आणि मोह तिथेच पडतो. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले तेव्हा तिथे दीड लाखाहून अधिक भारतीय होते. आदल्या दिवसापर्यंत कुवेत हा आखातातला सुखी देश समजला जात होता. आपल्या सरकारने अम्मानमार्गे लोकांना विमानांनी परत आणले. एअर इंडियाच्या ४८८ फेऱ्या झाल्या. माणसे परतली, पण पैसा परतला नाही. इराकी अमलात कुवेती दिनार आधी इराकी दिनाराच्या बरोबरीचा ठरवला गेला आणि पुढे चलनातूनच काढला गेला. ज्याने दर महिन्याला घरी पैसे पाठवले होते त्याचे थोडे गेले. ज्याने "एकदम नेऊ" म्हणून तिथेच साठवले होते त्याचे सारे गेले.

या प्रकरणाचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये जिनिव्हा येथे नुकसानभरपाई आयोग नेमला. इराकच्या तेलाच्या पैशातून त्या काळात कुवेत वा इराक सोडावे लागलेल्या लोकांना ठराविक रक्कम मिळाली. एकट्या माणसाला अडीच ते चार हजार डॉलर असा तो हिशेब होता. पण आपण तिथे होतो आणि अमुक तारखेला निघालो, याचा पुरावा द्यावा लागे. पासपोर्टावरचा शिक्का, तिथले ओळखपत्र, कामाचा करार. पळापळीत ज्याने कागदाची पिशवी छातीशी धरली, त्याला ती पिशवी वर्षांनंतर कामी आली.

जून २०१४ मध्ये इराकच्या मोसूल शहरात बांधकाम कंपनीवर काम करणारे ४० भारतीय कामगार दहशतवाद्यांनी पकडले. एक निसटला, ३९ मारले गेले. त्यांच्या मृत्यूची खात्री व्हायला मार्च २०१८ उजाडला. घरच्यांनी जवळपास चार वर्षे वाट पाहिली. बहुतेक जण पंजाबचे, साधे मिस्त्री-सुतार होते. त्याच जून महिन्यात, मोसूलपासून खूप दूर असलेल्या नजफ भागात, शेकडो भारतीय कामगार मालकाने पासपोर्ट न दिल्यामुळे अडकून पडल्याचे अ‍ॅम्नेस्टी या संस्थेने जाहीर केले होते. तिथे त्यांना अडवणारी बंदूक नव्हती, मालकाच्या कपाटाचे कुलूप होते. एप्रिल २०१५ मध्ये येमेनमधून भारतीय नौदल व विमानांनी साडेचार हजारांहून अधिक भारतीयांना आणि ४१ देशांच्या नागरिकांना बाहेर काढले. सरकारची मोहीम बंदरापर्यंत, विमानतळापर्यंत येते. तिथवर पोचणे आणि हातात पासपोर्ट असणे हे ज्याचे त्याला पाहावे लागते. पुढे सप्टेंबर २०१७ मध्ये सरकारने येमेनला जाण्यास बंदीच घातली. अशी बंदी मोडून गेलेल्याचा पासपोर्ट जप्त होऊ शकतो. एजंट अशा वेळी "दुबईहून आत नेतो" म्हणतो. दुबईहून आत नेलेला माणूस भारतीय दूतावासाच्या नोंदीत कोठेच नसतो.

म्हणून निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाची त्या देशाविषयीची सूचना पाहावी. ती मंत्रालयाच्या आणि त्या देशातील आपल्या दूतावासाच्या संकेतस्थळावर असते. सेतू केंद्रावरचा पोरगा पाच मिनिटांत काढून देईल. सूचनेची भाषा वाचायला शिकावे. "सावध राहा" वेगळे, "गरजेशिवाय जाऊ नका" वेगळे आणि "जाऊ नका" वेगळे. दुसऱ्या पायरीला वर्षभराची नोकरी धरू नये. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात दूतावासात नाव नोंदवावे. संकट आले की याद्या आधी याच नोंदींवरून निघतात.

शांत देशाकडे येऊ, कारण आपले बहुतेक लोक तिथेच जातात आणि फसतातही बहुधा तिथेच. येथे धोका कागदात असतो. एकच गाव, एकच इमारत, एकाच दिवशी विमानातून उतरलेले दोन गवंडी. एकाकडे कामाचा व्हिसा, दुसऱ्याकडे फिरण्याचा. पहिल्याला पगार न मिळाल्यास तो तिथल्या कामगार कचेरीत दाद मागू शकतो. दुसऱ्याने तोंड उघडले तर तोच गुन्हेगार ठरतो, कारण फिरण्याच्या व्हिसावर काम करणे हाच गुन्हा. कागदाने किती फरक पडतो हे २०२४ च्या हजमध्ये साऱ्या जगाने पाहिले. कडक उन्हात १,३०१ लोक दगावले. सौदी सरकारने सांगितले की त्यांतले ८३ टक्के परवान्याशिवाय आलेले होते. ऊन सर्वांना सारखेच होते. पण थंड तंबू, बस आणि दवाखान्याची सोय परवानाधारकांसाठी होती. बाकीचे मैलोन्‌मैल पायी चालत होते.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टावर सामान्यतः ईसीआर हा शिक्का असतो. सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, इराक, जॉर्डन, मलेशिया आदी १८ देशांत कामाला जाताना अशा माणसाला उत्प्रवासी संरक्षक अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ती आता ई-मायग्रेट या सरकारी व्यवस्थेतून मिळते. पुष्कळांना ही मंजुरी म्हणजे कटकट वाटते आणि एजंटही "टुरिस्टवर काढू, लवकर होईल" असे सुचवतो. या कटकटीचा उपयोग काय तो पाहा. मंजुरीच्या वेळी मालकाचे नाव, पगार, कामाचा प्रकार सरकारदरबारी नोंदला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा उतरवावा लागतो. दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये आणि वर कर, एवढ्या हप्त्यात अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांचे संरक्षण मिळते. एवढा स्वस्त विमा आपल्या बाजारात दुसरा नाही. टुरिस्टवर गेलेल्याच्या घरच्यांना यातले काहीच मिळत नाही. दहावी झालेल्याला मंजुरी लागत नाही, पण तोही आपणहून हा विमा घेऊ शकतो. पासपोर्टासाठी आपला बुलडाणा जिल्हा नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतो, आणि अर्ज स्वतः भरता येतो. पासपोर्टासाठी एजंटाला हजारो रुपये मोजण्याचे काही कारण नाही.

एजंटाबद्दल सरळ लिहितो. परदेशी नोकरीसाठी माणसे भरण्याचा परवाना केंद्र सरकार देते आणि परवानाधारकांची यादी ई-मायग्रेटवर पाहायला मिळते. गावोगाव फिरणाऱ्या सब-एजंटाला कायद्यात जागाच नाही. परवानाधारकाने उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे ३५,४०० रुपये घ्यावेत आणि पावती द्यावी, असा नियम आहे. प्रत्यक्षात मागितले जातात लाख-सव्वा लाख, तेही बिनापावतीचे.

याचा हिशेब मांडून पाहू, कारण हे आपले धंद्याचे पान आहे. समजा सोनाळ्याच्या एका वेल्डरला सौदीत महिना १,२०० रियाल कबूल झाले. रियाल २२ रुपयांचा धरू. खाण्यापिण्याला व फोनला ३५० रियाल गेले तर ८५० उरले, म्हणजे १८,७०० रुपये. गावी घरखर्चाला ९,००० ठेवले तर कर्जाकडे ९,७०० वळतील. एजंटाला १,२०,००० दिले आणि ते सावकाराकडून शेकडा तीन महिना दराने काढले (व्याज हराम हे सर्वांना माहीत, तरी गरजेला लोक काढतातच), तर कर्ज फिटायला जवळजवळ १६ महिने लागतात. हेच कर्ज ३५,४०० चे असते तर चार महिन्यांत मोकळा झाला असता. आता या १६ महिन्यांकडे नीट पाहा. एवढ्या काळात मालकाने पगार अर्धा केला, राहण्याची खोली धड नसली, शेजारच्या देशात बाँब पडू लागले, तरी तो वेल्डर परत येऊ शकत नाही. दाराशी सावकार उभा आहे. कागदावर तो सौदीत आहे, पण खरे पाहता तो कर्जाच्या कैदेत आहे. एजंटाला दिलेला प्रत्येक जादा रुपया आपला परतीचा रस्ता लांबवतो.

मालकाच्या हातातील पासपोर्टाचेही तसेच. सौदी, अमिराती, कतार येथील कायद्याने कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेण्यास मालकाला मनाई आहे, तरी "सांभाळायला" म्हणून घेतला जातो. द्यावाच लागला तर लेखी पोच घ्यावी आणि सर्व पानांच्या फोटोप्रती घरी असाव्यात. कुवेतने १ जुलै २०२५ पासून खासगी नोकरीतील परदेशी माणसाला देश सोडण्यापूर्वी मालकाची संमती घेण्याची अट घातली. नोकरी ठरवताना असे नियम विचारून घ्यावेत. भांडण झाले म्हणून कंपनी सोडून पळू नये. मालकाने हुरूब लावला की बाहेर पडणेही अवघड होते. आधी दूतावास, मग कामगार कचेरी, हा क्रम ठेवावा. करारात राहण्याची जागा कशी, एका खोलीत किती माणसे, हे विचारायला लाजू नये. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली. दोन दिवसांनी ४५ भारतीयांचे मृतदेह हवाई दलाच्या विमानाने परत आले. खोलीत पोचल्यावर जिना कोठे आहे, गच्चीचे दार उघडे असते की कुलूपबंद, हे पहिल्याच रात्री पाहून ठेवावे.

अलीकडे शिकलेल्या मुलांसाठी वेगळी जाळी पसरली आहेत. संगणकाचे काम, थायलंडमध्ये नोकरी, महिना लाख रुपये अशी जाहिरात फोनवर येते. मुलगा बँकॉकला उतरतो आणि त्याला सीमा ओलांडून म्यानमारच्या म्यावाडी भागात नेऊन ऑनलाइन लुबाडणुकीच्या कारखान्यात बसवतात. मार्च २०२५ मध्ये तिथून सुटलेल्या ५४९ भारतीयांना सरकारने विमानांनी परत आणले. "मदतनीस" म्हणून रशियाला नेलेल्या तरुणांना युद्धाच्या आघाडीवर पाठवल्याची प्रकरणे २०२४ मध्ये उघड झाली, सीबीआयने गुन्हे नोंदवले. इराणने भारतीयांना बिनाव्हिसा येऊ देण्याची सवलत दिली होती. तिचा फायदा घेऊन नोकरीच्या आमिषाने माणसे नेऊन खंडणीसाठी डांबण्याचे प्रकार झाले, तेव्हा नोव्हेंबर २०२५ मध्ये ती सवलत स्थगित झाली. व्हिसा लागत नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये. मुलाखत नाही, परीक्षा नाही, आणि पगार बाजाराच्या चौपट, एवढ्यावरूनच ओळखावे.

आता व्यापारी बंधूंकडे. माल आणायला चीनला किंवा दुबईला जाणाऱ्याला वाटते की आपण काही कामगार नव्हे, आपल्याला कोण अडवणार. चीनच्या यिवू शहरातील घाऊक बाजार जगप्रसिद्ध आहे. डिसेंबर २०११ मध्ये तिथे मुंबईच्या दोन भारतीयांना स्थानिक पुरवठादारांनी डांबून ठेवले. ते ज्या पेढीसाठी काम करत होते तिचा येमेनी मालक देणी थकवून निघून गेला होता, आणि देणेकऱ्यांनी हाताशी सापडलेल्या माणसांना धरले. त्यांच्या मदतीला गेलेले भारतीय वकिलातीचे अधिकारीही भर कोर्टात तब्येत बिघडून कोसळले. जानेवारी २०१२ मध्ये आपल्या दूतावासाने व्यापाऱ्यांना यिवूपासून दूर राहण्याची सूचना काढली. चीनच्या कायद्यात न मिटलेल्या दिवाणी दाव्यासाठीही कोर्ट परदेशी माणसाला देश सोडण्यास मनाई करू शकते. अमिरातीतही देण्यापोटी प्रवासबंदी लागते.

तेव्हा दुसऱ्याच्या पेढीसाठी सही करू नये, मग तो मित्र असो वा मेहुणा. भाषा कळत नसलेल्या कागदावर तर मुळीच करू नये. माल बिघडलेला निघाला म्हणून पैसे अडवून ठेवले असतील आणि वाद मिटलेला नसेल, तर त्याच शहरात पुन्हा जाण्याआधी वाद लेखी मिटवून घ्यावा. पहिला सौदा छोटा करावा, रक्कम बँकेमार्फत पाठवावी. हवालाने पाठवलेल्या रकमेची पावती नसते, आणि पुरवठादार "पैसे आलेच नाहीत" म्हणाला तर आपण कोणत्या तोंडाने कोर्टात जाणार? शिवाय तो आपल्याकडे गुन्हा आहेच. रोख नेताना भारतीय चलन २५,००० रुपयांच्या वर नेऊ नये. बहुतेक देशांसाठी परकी रोखीची मर्यादा एका फेरीला ३,००० डॉलर आहे. बाकी कार्डात भरून न्यावे.

सर्वांना लागू पडणारी आणि आपल्या समाजात सर्वांत अवघड अशी गोष्ट म्हणजे दुसऱ्याचे पार्सल. निघायच्या आदल्या रात्री शेजारीपाजारी, नातेवाईक पुडकी घेऊन येतात. अमुकच्या मुलाला एवढे द्या, तिथे स्टेशनवर माणूस येईल. नाही म्हणणे तोडल्यासारखे वाटते. जुलै २०१९ मध्ये मुंबईचे एक जोडपे कतारला फिरायला गेले. नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईने तंबाखूचे म्हणून दिलेले पुडके दोहाच्या विमानतळावर उघडले तर आत चार किलोंच्या वर चरस निघाला. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. बाई गरोदर होती. मुलीचा जन्म तुरुंगात झाला. इकडे घरच्यांनी तपास लावून धरला, ते नकळत अडकवले गेल्याचे पुरावे जमवले, तेव्हा कुठे २०२१ मध्ये त्यांची सुटका झाली. अमानत सांभाळणे हे आपल्या दीनचे आहे. पण पुडक्यात काय आहे हे न पाहता ते सरहद्दीपार नेणे याला अमानत म्हणत नाहीत. "समोर उघडून दाखवा, मी माझ्या हाताने पुन्हा बांधतो" असे म्हणावे. खरा आपला असेल तो रागावणार नाही. परत येताना कोणी सोने "फक्त मुंबईपर्यंत" द्यायला सांगितले तर तेही तसेच समजावे.

स्वतःच्या घरच्या पुडक्यातही धोका असू शकतो, आणि तो म्हणजे खसखस. डिंकाच्या लाडवात, ईदच्या शीरखुर्म्याच्या मसाल्यात खसखस घालणे आपल्याकडे रोजचे. सौदी, अमिराती, कतार येथे ती अफूच्या झाडाची बी म्हणून अमली पदार्थांत मोडते. आईला आधीच सांगून ठेवावे. औषधांचेही पाहावे. ट्रामाडॉलसारखी दुखण्याची गोळी, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, झोपेच्या काही गोळ्या तिथे परवान्याशिवाय चालत नाहीत. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, मूळ पाकीट आणि जरूर तर त्या देशाच्या आरोग्य खात्याची आगाऊ परवानगी असावी.

तब्येतीबाबत आपल्या भागाला एक खास गोष्ट सांगणे भाग आहे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतील खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजाराने किती घरे बसली, हे इथल्या कोणाला सांगायला नको. आखाती देशांच्या व्हिसासाठी मान्यताप्राप्त केंद्रात वैद्यकीय तपासणी होते; तीत नापास झाला तर एजंटाला दिलेला आगाऊ पैसा बहुधा बुडतो. म्हणून एजंटाकडे जाण्यापूर्वी, शेगाव-खामगावकडे कोठेही क्रिएटिनिन, साखर, रक्तदाब यांची साधी तपासणी स्वतः करून घ्यावी. काही शेकड्यांचे काम आहे. किडनी आधीच कमजोर असेल तर उघड्यावरचे बांधकाम घेऊ नये. भर उन्हात पाणी न पिता केलेल्या श्रमाने ती आणखी बिघडते. सौदी व अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर, आणि कुवेतमध्ये १ जून ते ३१ ऑगस्ट दुपारच्या वेळी उन्हातील कामावर बंदी असते. सौदीत बारा ते तीन, अमिरातीत साडेबारा ते तीन, कुवेतमध्ये अकरा ते चार. हा आपला हक्क आहे हे माहीत असावे. मुकादम "थोडेच राहिले" म्हणेल.

आफ्रिकेत माल विकायला किंवा लाकूड, काजू घ्यायला जाणाऱ्याने पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी. नायजेरिया, केनिया, युगांडा, घाना हे देश त्या यादीत आहेत. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि तिचे पिवळे कार्ड २०१६ पासून जन्मभर चालते. कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवस वेगळे ठेवतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे.

राहिली घरची तयारी, आणि ती पुरुष मंडळी सर्वांत कमी करतात. हजला निघणारा माणूस कर्ज चुकते करतो, वसीयत लिहितो, सर्वांची माफी मागतो. कामाला निघणाऱ्यानेही तेवढेच करावे. देणेघेणे एका वहीत, दोन साक्षीदारांसमोर. बँकेत आणि विम्यात वारसाचे नाव तपासून. शेती वा दुकान असेल तर विश्वासू माणसाच्या नावे मर्यादित कुलमुखत्यारपत्र करावे. विकण्याचा अधिकार देणारे सरसकट पत्र कोणालाही देऊ नये, सख्ख्या भावालाही नाही.

आणि एक लिफाफा. त्यात पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा, तिकीट, एजंटाची पावती यांच्या प्रती. मालकाचे व राहण्याच्या जागेचे नाव-पत्ता, तिथल्या एका सोबत्याचा फोन, दूतावासाचा फोन. लिफाफा बायकोच्या किंवा आईच्या हातात द्यावा आणि प्रत्येक कागद काय आहे ते तिला समजावून सांगावे. संकट आले तर कचेऱ्यांच्या पायऱ्या तिलाच चढायच्या असतात. प्रवासी भारतीयांसाठी सरकारचा बिनपैशाचा मदत क्रमांक १८०० ११ ३०९० आहे आणि परराष्ट्र मंत्रालयाची मदद ही तक्रार नोंदवण्याची व्यवस्था आहे. दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न पासपोर्ट क्रमांकाचा येतो. लिफाफ्यावर तो क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. त्याच लिफाफ्याच्या जोडीला बँकेत एका बाजूच्या परतीच्या तिकिटाएवढी रक्कम वेगळी ठेवावी, आणि घरात लग्न निघाले तरी तिला हात लावू नये असे निघण्याआधीच ठरवून घ्यावे.